परसातल्या छऱ्यांबद्दल

उत्तर कॅलिफोर्नियात चार झाडांपुरती जमीन घेऊन राहिलेल्या आणि गराजमध्ये छऱ्याची बंदूक ठेवलेल्या मराठी मंडळींना,

स.न.वि.वि.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, आला हा शहाणपण शिकवायला.

लिव्हरमोरच्या बाहेर, द्राक्षाचे मळे संपून नुसत्या पिवळ्या टेकड्या सुरू होतात तिथे आमची अडीच एकर जागा आहे. वीस वर्षं अपार्टमेंट आणि टाउनहाउसमध्ये काढल्यावर पाय मातीला लागले, तेव्हा मी अधाशासारखं लावत सुटलो. डाळिंब, अंजीर, पेरू, वालाच्या वेली, मेथीचे वाफे, कुंडीत जपलेला कढीपत्ता. हे सगळं खायला बिळातल्या खारी आल्या. पाठीवर रामाची बोटं असलेली आपली खारुताई डोळ्यांसमोर आणू नका. ही ग्राउंड स्क्विरल अंगानं दुप्पट-तिप्पट, बिळं करून जमीन भुसभुशीत करते, मुळं कुरतडते आणि डाळिंब पिकायच्या आठ दिवस आधी झाडावरच पोखरून ठेवते. पहिल्या वर्षी एक डाळिंब आमच्या तोंडी लागलं नाही. शेजारचा म्हातारा रँचवाला म्हणाला, पेलेट गन आण. आणली.

माझा नेम बरा आहे. त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेत फुगे फोडून कमावलेला. तीच छऱ्याची बंदूक, फक्त इथली नळी सरळ असते. त्या मोसमात मी पंधरा-वीस खारी मारल्या, पुढच्या वर्षी त्याहून जास्त. पुरायचा कंटाळा, म्हणून कुंपणापलीकडे उतारावर टाकायचो. थोड्याच वेळात लाल डोक्याचे टर्की व्हल्चर घिरट्या घालत यायचे आणि तासाभरात जागा साफ. मी बायकोला ऐटीत सांगायचो, बघ, काही वाया जात नाही. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याला पान वाढतात, मी इथे गिधाडांना वाढतो.

असं मी चार वर्षं म्हणत होतो, आणि त्या प्रत्येक पानात अर्धा ग्रॅम शिसं वाढत होतो.

हे कळलं ते एका पक्ष्याच्या मृत्यूच्या बातमीनं. आमच्याकडून सहाएक तास उत्तरेला, रेडवुड नॅशनल पार्कच्या आडरानात, २०२५ च्या जानेवारीत एक कॉन्डर, म्हणजे अमेरिकेतला अजस्र गिधाडपक्षी, मेलेला सापडला. वय जेमतेम दीड वर्ष. नाव पेय-नो-पेय-ओ-वोक. तिथल्या युरोक या मूळ रहिवासी जमातीच्या भाषेत त्याचा अर्थ मित्र, भल्या स्वभावाचा, असा काहीसा होतो. सरकारी प्रयोगशाळेनं तपासलं, तर मरणाचं कारण शिशाची विषबाधा निघालं, आणि त्याच्या पेषणीत, म्हणजे आपला चिकनवाला ज्याला पोटा म्हणतो त्यात, एअरगनचा एक छर्रा मिळाला.

माझ्या गराजच्या फळीवर पाचशेचा डबा होता. बातमी वाचून मी खाली गेलो, एक छर्रा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत बसलो. साडेचार मिलिमीटरचा, कंबरेत बारीक, मऊ. नखानं ओरखडा उठतो. मसुराच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा.

आता थोडं युरोक लोकांबद्दल, कारण हा पक्षी त्यांचा होता. रेडवुडला आपल्यातले बहुतेक सगळे एकदा तरी गेलेले असतात. क्लॅमथ गावाजवळ ज्या झाडाच्या बुंध्यातून गाडी काढून फोटो घेतो, ते सगळं युरोकांच्या जुन्या मुलखात आहे. क्लॅमथ नदीच्या मुखापासून वर साधारण चव्वेचाळीस मैल, दोन्ही काठांना एकेक मैल, अशी पट्टी आज त्यांच्याकडे उरली आहे. कॅलिफोर्नियातली संख्येनं सर्वांत मोठी जमात तीच, नोंदवलेले सदस्य सहा हजारांवर. याच नदीवरची चार धरणं पाडून घ्यायला ती माणसं वर्षानुवर्षं झगडली आणि २०२४ मध्ये नदी मोकळी झाली. तेव्हा आपण सॅमन मासा परत आला म्हणून व्हॉट्सॲपवर टाळ्या वाजवल्या होत्या.

कॉन्डरला ते प्रे-गो-नीश म्हणतात. जगाची घडी विस्कटते ती पुन्हा नीट बसवायची म्हणून त्यांचे मोठे नाच असतात, त्यांत या पक्ष्याचं पीस लागतं आणि त्याचं गाणं लागतं. आणि पक्षीच नव्हता. १८९० च्या सुमाराला त्या मुलखातून तो गेला, त्यानंतर चार-पाच पिढ्या त्याचं गाणं म्हणत राहिल्या, आभाळात न बघता. २००३ मध्ये जमातीतले वडीलधारे एकत्र बसले आणि जमिनीवरच्या प्राण्यांपैकी आधी कोणाला परत आणायचं, असा विचार झाला. त्यांनी हरीण निवडलं नाही, एल्क निवडलं नाही. मेलेलं खाणारा, टकल्या डोक्याचा, दिसायला कुरूप पक्षी निवडला. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडे जटायूची आरती म्हणतील, पण गिधाड शब्द शिवीसारखाच वापरतील.

बैठक २००३ ची आणि पहिले दोन पक्षी मोकळे सुटले ३ मे २०२२ ला. मधली एकोणीस वर्षं काय करत होते? त्यातला मोठा भाग शिसं शोधण्यात गेला. कुठे किती आहे, कशातून येतं, हे कळल्याशिवाय पक्षी सोडणं म्हणजे त्यांना मरायला सोडणं, हे त्यांच्या वन्यजीव विभागाला ठाऊक होतं. या विभागाच्या प्रमुख टियाना विल्यम्स-क्लॉसेन या स्वतः युरोक आहेत, बाहेरून आलेल्या तज्ज्ञ नव्हेत. राखीव प्रदेशातल्या जमातीच्या शिकाऱ्यांवर राज्याचे शिकारीचे नियम चालत नाहीत, तो त्यांचा स्वतःचा अधिकार. म्हणून त्यांनी आपल्याच शिकाऱ्यांशी बोलायचा कार्यक्रम काढला. शिशाची गोळी आत शिरल्यावर काय करते, तांब्याची काय करते, हे दाखवायचं आणि पटवायचं. जो माणूस त्या मांसावर घर चालवतो त्याला हे पटवणं सोपं नसतं. हौसेखातर खारी मारणाऱ्या मला पटवणं त्या मानानं सोपं असायला हवं होतं, पण मला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

एक पक्षी गेला तर एवढं काय, असं मनात आलं असेल तर थोडा हिशेब करू. १९८२ मध्ये जगात मिळून बावीस कॅलिफोर्निया कॉन्डर उरले होते. १९८७ च्या एप्रिलमध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला. तेव्हा एकूण सत्तावीस. आज पाचशेच्या वर आहेत, निम्म्याहून जास्त मोकळे उडतात. ऐकायला छान. पण मादी एका वेळी एकच अंडं घालते आणि पिल्लू इतके दिवस आईबापांवर अवलंबून असतं की बहुतेकदा वर्षाआड एक. वयात यायलाच सहा-सात वर्षं जातात. पक्षी पन्नास-साठ वर्षं जगू शकतो, त्या हिशेबानं निसर्गानं त्याला घाई दिलेली नाही. युरोकांकडे मोकळे पक्षी दीड-दोन डझन. त्यातला दीड वर्षाचा एक मेला म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांतलं त्याचं सगळं बियाणं मेलं. २०२३ मध्ये ॲरिझोना-युटाच्या थव्यातले एकवीस कॉन्डर बर्ड फ्लूनं गेले, तेव्हा सगळे हादरले. पण कारण समजलेल्या मृत्यूंत पहिला नंबर अजूनही शिशाचाच आहे. जवळपास निम्मे.

आणि मरण कसं येतं? शिसं मज्जातंतूंना धरतं, आतडी हलायची थांबतात. गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली राहते, पण खाली काही उतरत नाही. भरल्या ताटावर उपाशी मरणं म्हणतो ना, तसं शब्दशः. म्हणून मोकळे कॉन्डर दरवर्षी पकडून त्यांचं रक्त तपासतात, शिसं जास्त निघालं की दवाखान्यात ठेवून शिसं बाहेर काढणारी इंजेक्शनं देतात. डायलिसिसवर जगणारा माणूस आठवा. जगात बहुधा एवढा सांभाळलेला दुसरा रानपक्षी नसेल.

आपल्याला वाटतं गोळी एका जागी असते, काढून टाकली की झालं. रायफलच्या शिशाच्या गोळीचं तसं नसतं. २००६ मध्ये हरणांच्या अवशेषांचे एक्स-रे काढलेले प्रसिद्ध झाले. शिकारी जागेवर टाकून जातात ती आतडी-कोथळा असे वीस ढीग तपासले, त्यातल्या अठरांत शिशाचे कण, आणि पाच ढिगांत दोनशेहून जास्त. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत. कोणाच्या ऑफिसातला सहकारी दिवाळीच्या सुमाराला हौसेनं हरणाचा सॉसेज आणून देत असेल तर लहान मुलांना देण्याआधी गोळी कशाची होती ते विचारा. नॉर्थ डकोटात २००८ मध्ये गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं निघालं होतं. असो, तो वेगळा विषय.

छर्रा रायफलच्या गोळीइतका फुटत नाही, तो बहुतेक अख्खाच राहतो. पण गिधाडाच्या पोटातलं आम्ल भयंकर असतं. सडकं मांस, त्यातले जंतू, सगळं विरघळवायला दिलेलं. त्यात शिसंही विरघळतं आणि रक्तात जातं. म्हणजे ज्या शक्तीमुळे तो आपली घाण साफ करतो, तीच त्याला मारते.

तुम्ही म्हणाल, लिव्हरमोर कुठे आणि रेडवुड कुठे. खरं आहे. माझ्या उतारावर कॉन्डर उतरलेला मी कधी पाहिला नाही. मीही याच समजुतीवर दोन दिवस मन शांत ठेवलं. मग आठवलं की दक्षिणेला पिनॅकल्स नॅशनल पार्कमध्ये २००३ पासून कॉन्डर सोडतात, आणि २०२१ मध्ये त्यातले सहा पक्षी माउंट डायब्लोवर दिसले होते. शंभराहून जास्त वर्षांनी. डब्लिन, सॅन रॅमोन, डॅनव्हिल इथल्या आपल्या लोकांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तोच डोंगर. या पक्ष्याला एका दिवसात दीडशे मैल म्हणजे काही विशेष नाही. त्यात त्याला वास फारसा कळत नाही. तो टर्की व्हल्चरवर नजर ठेवतो, ते कुठे उतरतात बघून मागे येतो. म्हणजे माझ्या मेलेल्या खारीची दवंडी पिटणारे माझ्या डोक्यावरच फिरत होते.

टर्की व्हल्चर स्वतः शिसं खाऊनही बराच तग धरतात. म्हणून मला चार वर्षांत एकही मेलेलं गिधाड दिसलं नाही आणि मी निर्धास्त राहिलो. पण आल्टामॉन्टच्या पवनचक्क्यांचा हा पट्टा सोनेरी गरुडांचा आहे, त्यांची घरटी इथे जितकी दाट आहेत तितकी फार थोड्या ठिकाणी असतील. आणि या गरुडाचं मुख्य खाणं कोणतं? हीच बिळातली खार. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अडतीस राज्यांमधल्या १,२१० गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ शिसं साचत गेल्याचं दिसलं. त्यात माझा वाटा किती, हे मला कधी कळणार नाही. शून्य आहे असं मात्र आता म्हणता येत नाही.

कायद्याचं काय, हा पुढचा प्रश्न. कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये कॉन्डरच्या मुलखात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद करणारा कायदा केला, तो २००८ च्या जुलैपासून लागू झाला. २०१३ मध्ये तोच नियम अख्ख्या राज्याला लावायचं ठरलं आणि १ जुलै २०१९ पासून तो पूर्ण अमलात आला. असा नियम करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण नियम आहे बंदुकीनं, म्हणजे दारूच्या स्फोटावर चालणाऱ्या हत्यारानं, वन्यप्राणी मारण्याबद्दल. एअरगन त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिचा शिशाचा छर्राही नियमात बसत नाही. मी चार वर्षं जे केलं ते कायदेशीर होतं. पाचशेचा डबा आजही दुकानात उघडपणे मिळतो आणि कोणी काही विचारत नाही.

हे वाचताना मला जे आठवलं ते तुमच्यातल्या गावाकडच्या लोकांनाही आठवेल. अंजनेरीच्या कड्यावर आमच्या लहानपणी लांब चोचीची गिधाडं कितीतरी असायची. गावाबाहेर ढोरं टाकायची जागा होती. ढोर ओढून नेऊन सोलायचं काम कोणाच्या माथी मारलेलं होतं, हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. सोलून झालं की गिधाडं उतरायची, एवढंच आम्ही पोरं लांबून बघायचो. बैलाचा दुपारपर्यंत सांगाडा. मी शिकायला मुंबईला गेलो, मग इकडे आलो, आणि मधल्या काळात ती गेली. देशभरात शंभरातली नव्याण्णव गेली. २००४ मध्ये कारण सापडलं. दुखऱ्या, लंगडणाऱ्या जनावराला टोचायचं डायक्लोफेनॅक. स्वस्त, चांगला गुण देणारं, कोणाचं वाईट करायच्या हेतूनं कोणी दिलेलं नव्हे. ते जनावर मेलं की त्याच्या मांसातून गिधाडाच्या मूत्रपिंडात.

२००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. आणि मग काय झालं? माणसांसाठीची मोठी बाटली होती, तीस मिलिलिटरची. औषधाच्या दुकानातून ती आणून तेच गाई-बैलांना टोचत राहिले. पुढचं दार लावलं आणि मागचं सताड उघडं. २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही तीन मिलिलिटरची करावी लागली, म्हणजे बैलाला एक डोस द्यायला पाच-सहा कुप्या फोडायच्या आणि खर्च परवडायचा नाही. त्यालाही कंपन्या कोर्टात गेल्या. मग लक्षात आलं की दुसरी भावंडं आहेत. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक बंद झालं. एवढं सगळं होईपर्यंत कडे रिकामे झाले होते. आता हरियाणातल्या पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आणून ताडोबात आणि पेंचमध्ये सोडायला लागली आहेत. कॉन्डरच्याच वाटेनं, फक्त तीस वर्षं मागून.

तिथे कायदा बाटलीच्या आकारातून निसटला, इथे बंदुकीच्या व्याख्येतून. मला कायदा करणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी एअरगनचा नियम करायलाच हवा, आणि राज्याच्या फिश अँड गेम कमिशनला मी तसं वेगळं पत्र इंग्रजीत लिहिलं आहे. पण ते पत्र फायलीत पडून वर येईपर्यंत किती डाळिंबाचे मोसम जातील सांगता येत नाही. हे पत्र मराठीत तुम्हाला लिहितोय, कारण गिधाडं गेल्यावर काय होतं हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. गावाबाहेर सडलेली ढोरं, त्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळकी, रेबीज. मुंबईत डुंगरवाडीवर पारशांना आपले विधी कसे चालवायचे हा प्रश्न पडला. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात पाच वर्षांत सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. युरोक माणसाला कॉन्डरशिवायची शंभर वर्षं कशी गेली असतील, याची थोडीशी कल्पना इथल्या कोणा स्थलांतरितांना असेल तर ती आपल्याला असायला हवी.

तुमच्यातल्या काहींशी माझं हे बोलणं आधीच झालंय, त्यामुळे काय काय म्हणाल ते थोडंफार माहीत आहे.

एकजण म्हणाला, आम्ही शिकार करतच नाही, शुद्ध शाकाहारी आहोत, मुलगा मागच्या अंगणात डबे फोडतो. चांगलं आहे, फोडू दे. फक्त लाकडी फळीमागे शिसं अडवायची पेटी ठेवा, छरे गोळा करा आणि हात धुतल्याशिवाय त्याला पोळीला हात लावू देऊ नका. आणि ती बीबी गन असेल तर तिचे गोळे पोलादाचे असतात, त्यांचा या गोष्टीत दोष नाही. दोष नाही तिथे मी खोटा गुन्हा लावत नाही.

दुसरा म्हणाला, बिनशिशाचे छरे महाग. महाग आहेत. पण आपण डाळिंबाच्या एका रोपाला किती मोजले ते आठवा. तिसऱ्याचं म्हणणं खरं होतं, की ते हलके असतात, नेम बिघडतो. पहिल्या दिवशी माझाही बिघडला. हलका छर्रा जोरात जातो आणि वेगळ्या जागी लागतो. दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते. एक शनिवार गेला. हे छरे मुख्यतः कथलाचे असतात. कथील म्हणजे तेच, कल्हईवाला भट्टीवर तापवून पितळेच्या पातेल्यात फिरवायचा ते. आपल्या आज्यांचं अर्धं आयुष्य कल्हईच्या भांड्यातली आमटी खाण्यात गेलं. कल्हईत शिसं मिसळणाऱ्या कल्हईवाल्याला आमची आजी पुन्हा दारात उभं करत नसे. बोटानं घासून बघायची, बोट काळं झालं की संपलं. तिला कोणी एक्स-रे दाखवला नव्हता.

चौथं म्हणणं सगळ्यांत चमत्कारिक होतं. म्हणे, बंदूकच नको, विषाचे दाणे टाकतो. कृपा करून ते करू नका. रक्त पातळ करून मारणारी ती औषधं खारीतून घुबडात आणि ससाण्यात जातात, म्हणून तर राज्यानं त्यातली जहाल औषधं २०२१ पासून बहुतेक वापरांसाठी बंद केली. आगीतून फुफाट्यात कशाला?

आणि एकानं, तो माझा चांगला मित्र आहे, विचारलं की आदिवासींच्या पक्ष्यासाठी आपण आपल्या सवयी का बदलायच्या. मी त्याला अरुणाचलचं सांगितलं. पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावात २०२१ मध्ये एअरगन सोडून द्यायची मोहीम सुरू झाली. तिथल्या आदिवासी घरांमध्ये एअरगन म्हणजे घरातली चीज, बापानं मुलाला दिलेली. लोकांनी ती आपण होऊन आणून दिली, राज्यभरात दोन हजारांहून अधिक. शिक्षा नाही, दंड नाही. त्यांच्या रानात पक्षी ऐकू यायचे थांबले होते, एवढंच. मी तुम्हाला बंदूक द्या म्हणतही नाही. डबा बदला म्हणतोय. मित्र हसला, म्हणाला, बघू. मराठी माणसाच्या बघूचा अर्थ तुम्हाला माहीत आहे, म्हणून हे उघड पत्र.

तर मागणं असं आहे. गराजमधला शिशाचा डबा काढा. कचऱ्यात टाकू नका, काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या. पुढचा डबा बिनशिशाचा आणा, वरचं लेबल वाचून. चमकतो म्हणून बिनशिशाचा समजू नका, नुसता तांब्याचा मुलामा दिलेले शिशाचे छरेही मिळतात. शिशानं मारलेली खार उघड्यावर राहिली असेल तर खोल पुरा, कोल्ह्यानं उकरू नये इतकी. शेजारच्या रँचवाल्याशी बोला. माझ्या म्हाताऱ्यानं आधी मला पाच मिनिटं सुनावलं, सरकार, झाडपाला खाणारे लोक, वगैरे वगैरे. मग म्हणाला, माझ्या आजोबांनी या टेकडीवर कॉन्डर पाहिला होता म्हणे. आणि एक डबा मागून घेतला.

गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर आपण जुने चष्मे आणि पुस्तकं गोळा करायला खोका ठेवतो. यंदा त्याच्या शेजारी छऱ्यांच्या डब्यांसाठी एक ठेवायला कार्यकारिणी हो म्हणाली तर तो उचलून केंद्रावर पोचवायचं काम माझं. हॉलवाल्यांचा नियम आडवा आला तर पार्किंगमध्ये माझ्या गाडीची डिकी उघडी ठेवतो.

आपला,
लिव्हरमोरच्या टेकडीवरचा एक डाळिंबवाला

ता.क. खारींसाठी बंदुकीआधी करून बघण्यासारखं : झाड लावताना मुळांभोवती अर्ध्या इंची तारेच्या जाळीची टोपली खड्ड्यातच बसवायची, आणि वाफ्याखाली तीच जाळी अंथरायची. आम्ही लावलेलं घुबडाचं खोकं पहिली दोन वर्षं रिकामं होतं, या वर्षी आत जोडी आहे. खोक्याखाली पडलेल्या लोकरीसारख्या गोळ्यांत गोफरची, म्हणजे बिळात राहणाऱ्या घुशीसारख्या प्राण्याची, हाडं निघतात, मोठ्या खारीची नाही, त्यामुळे त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. डाळिंबं यंदा बावीस मिळाली. बाकीची खारींनी खाल्ली.